पन्हाळ्याचा पावसाळा

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेकडील मोकळ्यावर उभें राहून वायव्येस दृष्टि टाकिली असतां सपाट माथ्याचा एक लांबट डोंगर नजरेस पडतो. उन्हाळ्यांत तो भुरकट असतो, थंडीच्या दिवसांत निळसर दिसतो. आणि मृगाच्या सरी कोसळूं लागल्या म्हणजे तो दिसेनासाच होतो. चार-चार दिवस ढगांत बुडून राहणारा हा डोंगर म्हणजे पन्हाळगड. शहरापासून त्याचें अंतर अवघें २० किलोमीटर. सुटीच्या दिवशीं घराघरांतून माणसें तेथें जातात. तबक उद्यानाच्या सावलींत शिदोऱ्या सोडतात, सज्जा कोठीवरून खालच्या खोऱ्याकडे पाहतात, पावसाळा असल्यास भाजलेलें कणीस हातीं घेऊन धुक्यांतून हिंडतात आणि दिवेलागणीला परततात. यांत गैर असें कांहींच नाहीं. थंड हवा आणि मोकळें आकाश यांची ओढ माणसाला असावयाचीच. परंतु ज्या पावसासाठीं आणि ज्या धुक्यासाठीं आज लोक पन्हाळ्यास जातात, त्याच पावसानें आणि त्याच धुक्यानें या गडाच्या इतिहासांतील कांहीं फार मोठे निकाल लाविले आहेत, ही गोष्ट मात्र कणीस खातां खातां सहज विसरली जाते.

प्रथम डोंगराची ठेवण पाहावी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे निघालेल्या एका फांट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर हा गड वसला आहे. त्याचा माथा साधारण त्रिकोणी असून तटबंदीचा घेर ७ किलोमीटरांहून अधिक भरतो. माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे व त्याखालीं काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचें पाणी तो पिऊन घेतो. खालचा काळा दगड तें सहजासहजीं खालीं जाऊं देत नाहीं. त्यामुळें आकाशांतून आलेलें पाणी झऱ्यांच्या आणि विहिरींच्या रूपानें गडावरच पुन्हां भेटतें. नागझरी, सोमेश्वराचें तळें, साधोबाचें तळें हीं नांवें त्या जलसंपत्तीचीं साक्ष देतात. गडाच्या उत्तरेस वारणेचें खोरें, दक्षिणेस कासारीचें. पूर्वेस जोतिबाचा डोंगर आणि शेजारींच, केवळ एका खिंडीनें वेगळा झालेला पावनगड. कोंकणांतून देशावर चढणारी वाट राखावयाची, तर राखणारानें बसावें कोठें, या प्रश्नाचें उत्तर निसर्गानेंच येथें देऊन ठेविलें आहे.

हें उत्तर प्रथम वाचलें तें शिलाहारांनीं. दुसरा भोज राजा याच्या कारकीर्दींत, म्हणजे ११७८ ते १२०९ या काळांत, गडाची मूळ बांधणी झाली. ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यास भरत होता, असें ताम्रपटावरून दिसतें. पुढें देवगिरीच्या सिंघण यादवानें भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचें राज्य संपलें. त्यानंतर गड बहामनी सत्तेखालीं गेला. त्या काळांतील एक प्रसंग लहान असला तरी मोठा सूचक आहे. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि त्यालगतचा कोंकणपट्टा जिंकण्यासाठीं निघालेला बहामनींचा वजीर महंमद गवान यानें १४६९ सालचा पावसाळा पन्हाळ्यास छावणी करून काढिला. वजीर बलाढ्य होता, फौज मोठी होती. परंतु आषाढांतील सह्याद्रीशीं झुंजण्यापेक्षां स्वस्थ बसणें शहाणपणाचें, हें त्यानें ओळखलें होतें. पन्हाळा आणि विशाळगड यांच्यामध्यें पाऊस उभा आहे, हा धडा तेव्हांपासून इतिहासाच्या पानावर लिहिलेला आहे. पुढें आलेल्यांपैकीं कोणी तो वाचला आणि कोणी वाचला नाहीं, एवढाच काय तो फरक.

विजापूरच्या आदिलशहांनीं गडाला आजचें भक्कम रूप दिलें. तीन दरवाजाचें रेखीव कोरीव काम हें त्या काळचें. त्याच्यालगतची अंधार बावडी पाहणाऱ्यास वरवर साधी इमारत वाटते; आंत उतरल्यावर मात्र ती तीन मजली असून तिच्या तळाशीं विहीर आहे, मध्यें पहारेकऱ्यांसाठीं जागा आहे आणि बाहेर पडावयास चोरवाटही आहे, असें ध्यानांत येतें. वेढा घालणाऱ्या शत्रूनें पाण्यांत विष कालवूं नये म्हणून विहिरीवर केलेला हा पहारा. तसाच अंबरखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती अशीं पवित्र नांवें दिलेल्या त्याच्या तीन कोठारांत भात, नाचणी, वरी सांठवीत असत. त्यांतील सर्वांत मोठ्या गंगा कोठींत २५,००० खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. ज्या गडावर पाणी आटत नाहीं आणि धान्य सरत नाहीं, तो गड उपासमारीनें पडत नाहीं. मग तो पडावा कशानें? या प्रश्नाचा कस १६६० सालीं लागला.

१० नोव्हेंबर १६५९ या दिवशीं प्रतापगडाखालीं अफजलखानाचा अंत झाला आणि त्यानंतर अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबर रोजीं, पन्हाळा शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. विजापूरच्या दरबाराला हा घाव सोसणें शक्य नव्हतें. कर्नूलचा सरदार सिद्दी जौहर मोठ्या सैन्यानिशीं चालून आला आणि १६६० च्या मार्चांत त्यानें गडास वेढा दिला. महाराज स्वतः गडावर होते. तिकडे उत्तरेकडून शाहिस्तेखान पुण्यास येऊन ठेपला होता. दक्षिणेस एक शत्रु, उत्तरेस दुसरा आणि राजा मध्यें अडकलेला. स्वराज्याच्या आयुष्यांतील हा फार कठीण उन्हाळा होता. नेताजी पालकरानें बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरच्या इंग्रज वखारींतील हेन्री रेव्हिंग्टन हा व्यापाराचें तागडें बाजूस ठेवून तोफा घेऊन सिद्दीच्या साह्यास धावला आणि त्या तोफांनीं गडावर मारा सुरू केला. या आगळिकीचें प्रायश्चित्त पुढल्याच वर्षीं राजापूरची वखार लुटली गेली तेव्हां त्यास घ्यावें लागलें.

गडावरील लोकांची खरी भिस्त होती ती पावसावर. सह्याद्रींतील लढाईची रीत अशी, कीं मृग लागला म्हणजे फौजा छावण्यांत शिरावयाच्या आणि दसऱ्याला पुन्हां बाहेर पडावयाच्या. महंमद गवानानें पाळलेली रीत सिद्दी जौहरही पाळील आणि वेढा आपोआप ढिला पडेल, असें कोणासही वाटलें असतें. परंतु सिद्दी चिवट होता. पाऊस आला, वारा आला, ओढे दुथडी वाहूं लागले; वेढा मात्र उठला नाहीं. ज्याची वाट पाहिली तो पाहुणा आला, पण त्यानें आशा पुरविली नाहीं, अशी स्थिति झाली.

तेव्हां महाराजांनीं पावसाकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहिलें. तो वेढा उठवीत नसेल, तर न उठवो. त्यानें वेढ्यांतून वाट करून द्यावी. शरणागतीचीं बोलणीं सुरू झालीं. चार महिने जागून थकलेल्या पहाऱ्यांत शैथिल्य आलें. १२ जुलै १६६० च्या रात्रीं, आषाढाच्या मुसळधार पावसांत, सुमारे ६०० निवडक मावळे राजदिंडीच्या वाटेनें पालखीसह खालीं उतरले. त्यांत हिरडस मावळांतील बांदलांची माणसें होतीं आणि बाजीप्रभु देशपांडे होते. आणखीही एक माणूस त्या रात्रीं निघाला. गडाच्या पायथ्याशीं असलेल्या नेबापुराचा शिवा काशीद हा नाभिक तरुण महाराजांसारखा दिसे. तो महाराजांचा वेष करून दुसऱ्या पालखींत बसला, ठरल्याप्रमाणें शत्रूच्या हातीं सांपडला, आणि ओळख पटल्यावर जिवास मुकला. लढाईंत मरणाऱ्यास जगण्याची आशा अखेरच्या क्षणापर्यंत असते. पालखींत बसतांना शिवा काशिदास तीही नव्हती. बाजींचें नांव घराघरांत पोंचलें. नेबापूरच्या समाधीपुढें मात्र थांबणारा प्रवासी थोडा. पन्हाळ्याची सहल जर कोठून सुरू व्हावयाची असेल, तर ती येथूनच सुरू व्हावी.

पुढची हकीकत महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मसाई पठार तुडवीत, चिखलांतून आणि काट्यांतून पालखी विशाळगडाकडे धावली. सिद्दी मसूदची तुकडी पाठीवर आली. गजापूरच्या घोडखिंडींत निम्मी माणसें घेऊन बाजीप्रभु थांबले आणि उरलेल्यांनिशीं महाराज पुढें गेले. विशाळगडाखालींही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचे मोर्चे होते. ते फोडून महाराज गडावर पोंचेपर्यंत खिंड अडवून धरण्यांत आली. बाजी तेथें पडले, त्यांच्यासवें बांदलांचीं असंख्य माणसें पडलीं, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली. पन्हाळा मात्र त्यानंतर विजापूरकरांच्या हवालीं करावा लागला. १६६६ च्या जानेवारींत तो परत घेण्यासाठीं केलेला छापा फसला. अखेरीस १६७३ च्या मार्चांत कोंडाजी फर्जंद यानें केवळ ६० माणसांनिशीं, रात्रीच्या वेळीं कडा चढून, तो जिंकला. महाराज आणि युवराज संभाजीराजे यांची अखेरची भेट १६८० च्या आरंभीं याच गडावर झाली. आज सज्जा कोठीवर वाऱ्यासाठीं उभ्या राहणाऱ्या माणसानें क्षणभर त्या पितापुत्रांचें स्मरण करावें.

पावसाचा दुसरा मोठा निकाल यानंतर ४२ वर्षांनीं लागला, आणि तो पहिल्याहून कमी बोधप्रद नाहीं. औरंगजेब बादशहानें १७०१ सालीं पन्हाळ्यास वेढा घातला. त्याच छावणींत, एप्रिल महिन्यांत, इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस नजराणे घेऊन त्याच्या भेटीस आला होता. गड घेतल्यावर बादशहाची दृष्टि विशाळगडाकडे वळली. डिसेंबरांत सुरू झालेला तो वेढा जून १७०२ पर्यंत चालला. शेवटीं परशुराम त्रिंबक यांनीं मोल घेऊन गड सोडला; बादशहाला विजय मिळाला; पण विजय मिळाला तेव्हां मृग लागला होता. १० जूनच्या सुमारास ती अवाढव्य छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली. सुमारे ३० मैलांची ती मजल पुरी होण्यास १७ जुलै उजाडला! प्रत्येक ओढा नदी झाला होता. हत्ती चिखलांत रुतले, तंबू वाहून गेले, बैल आणि उंट वाटेंतच मेले, धान्याचे भाव भडकले आणि असंख्य माणसें भुकेनें व थंडीवाऱ्यानें प्राणास मुकलीं. तोफांनीं जें केलें नाहीं, तें पाण्यानें केलें.

हे दोन प्रवास शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. मुलूख तोच, पावसाळा तोच, अंतर जवळजवळ तेंच. एकानें तें एका रात्रींत आणि त्यापुढील दिवसांत कापलें. दुसऱ्यास ३८ दिवस लागले. याचें कारण दैवांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. पहिल्याजवळ ६०० माणसें होतीं आणि वाटेवरचा दगड न् दगड त्यांच्या पायाखालचा होता. दुसऱ्याजवळ चालतें नगर होतें. पहिल्यानें पावसास सोबती केलें. दुसऱ्यानें त्याची दखलच घेतली नाहीं. शौर्य तर दोन्ही पक्षांत होतेंच. परंतु भूमि ही तिच्यावर राबणाऱ्या व तिला ओळखणाऱ्या माणसाच्या बाजूनें उभी राहते, हें सत्य त्या ३० मैलांनीं जितकें स्पष्ट करून सांगितलें आहे, तितकें क्वचित् दुसऱ्या कशानें सांगितलें असेल.

औरंगजेबानंतर पन्हाळा पुन्हां मराठ्यांकडे आला. १७१० सालीं महाराणी ताराबाईंनीं येथें आपल्या राज्याची गादी थाटली, आणि १७८२ सालीं राजधानी कोल्हापुरास जाईपर्यंत करवीर राज्याचा कारभार येथूनच चालला. मराठी काव्याचा कळस समजले जाणारे मोरोपंत यांचा जन्म १७२९ सालीं याच गडावर झाला. पुढें १८४४ सालीं, ब्रिटिशांनीं नेमलेल्या कारभाऱ्यानें वतनी जमिनींच्या व्यवस्थेंत हात घालतांच, करवीर राज्यांतील गडकऱ्यांनीं बंड उभारलें. सामानगडावर पेटलेली ठिणगी पन्हाळ्यास आली. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यास पकडून त्यांनीं गडावर अटकेंत ठेविलें. १ डिसेंबर १८४४ रोजीं इंग्रजी फौजेनें तोफांनीं तट फोडून गड घेतला. त्यानंतर तटबंदी ठिकठिकाणीं पाडण्यांत आली, चार दरवाजा जमीनदोस्त झाला आणि पिढ्यान् पिढ्या गड राखणारे गडकरी घरीं बसले. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं इंग्रज आला तो पावसाळा उलटल्यावर आला. धडा त्यानें वाचला होता.

लढण्याचें काम संपलें, तेव्हां गड विसाव्याचें ठिकाण झाला. करवीर दरबारच्या काळांत बंगले उठले, झाडें लागलीं, राजर्षि शाहु छत्रपतींच्या प्रोत्साहनानें चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही या भागांत झाले. आज मोटारीनें तासाभरांत गडावर पोंचतां येतें. परंतु पन्हाळा खऱ्या अर्थानें पाहावयाचा तर तो पायांनीं पाहावा. त्याची उत्तम रीत दरवर्षीं जुलैमध्यें शेंकडों तरुण-तरुणी आचरतात. राजदिंडीनें उतरून तुरुकवाडीवरून तीं मसाई पठारावर चढतात. मैलोगणती पसरलेलें तें जांभ्याचें पठार पावसांत हिरव्या गवतानें झांकून जातें आणि पाऊस ओसरतां ओसरतां तेथें रानफुलांचा गालिचा अंथरला जातो. धुकें उतरलें म्हणजे हातभर अंतरावरचा सोबती दिसत नाहीं. पुढें कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात. भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत वांकून रोपलावणी चाललेली असते. एक मुक्काम वाटेंतील वाडीवर, कोणाच्या पडवींत किंवा शाळेच्या व्हरांड्यांत पडतो. चुलीपाशीं कपडे वाळवावयाचे, गरम भात-आमटी खावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं पांढरपाणीवरून पावनखिंडींत उतरावयाचें. जो प्रवास त्या रात्रीं एका दमांत झाला, त्याला दिवसाउजेडीं, पोटभर जेवून, दोन दिवस लागतात. हा हिशोब पायांना एकदां समजला म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांतील ती एक ओळ पुन्हां पूर्वीसारखी वाचतां येत नाहीं.

मात्र या चालण्याला जबाबदारीही आहे. आपल्या मागें चिखलांत कागद आणि बाटल्या टाकून जाणारा तरुण कितीही मोठ्यानें जयघोष करो. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून तो गेला, त्याच्या दृष्टीनें तो पाहुणा नव्हे. वाटेवरच्या वाड्यांनीं त्या रात्रीचें स्मरण नित्याच्या राबण्यांत जपलें आहे; त्यांच्या लावणीची नासाडी होऊं नये, एवढें तरी येणाऱ्यानें पाहावें.

आतां पाऊस पन्हाळ्याच्या इतिहासांत तिसऱ्यांदा बोलूं लागला आहे. आणि या वेळीं त्याचा रोख खुद्द गडावर आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत चार दरवाजाजवळ गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचून दरींत गेला आणि वाहनांची वाट बराच काळ बंद राहिली. जांभा पाणी पितो हें खरें. परंतु त्यालाही मर्यादा असते. पाणी वाहून जाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या आणि उतारावरचीं झाडें गेलीं, तर ज्या पाण्यानें गड तगविला, तेंच त्याची माती सोडवूं लागतें. ११ जुलै २०२५ रोजीं, म्हणजे त्या रात्रीच्या स्मृतिदिनाच्या आदल्याच दिवशीं, युनेस्कोनें मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत पन्हाळा आहे. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु पन्हाळा हा ओसाड गड नाहीं. तो तालुक्याचें ठाणें आहे, तेथें घरें आहेत, शाळा आहेत, पोट भरणारीं लहान दुकानें आहेत. वारसा आला म्हणजे आपलें घर जाईल काय, ही धास्ती तेथील रहिवाशांनीं उघड बोलून दाखविली होती. तिला हंसून चालणार नाहीं. १८४४ सालीं गड राखणाऱ्या माणसांना गडापासून तोडण्यांत आलें, त्यानंतर गडाचें काय झालें तें पडक्या तटांवर लिहिलेलें आहे. तट दुरुस्त करावा, पाण्याला वाट द्यावी, नवीन बांधकामास आळा घालावा, हें सर्व योग्यच. पण तें गडावर राहणाऱ्या माणसास सोबत घेऊन व्हावें. भूमि तिला ओळखणाऱ्याच्या बाजूनें उभी राहते, हा धडा राज्यकर्त्यांसाठींच होता असें नव्हे.

गजापूरच्या परिसरांत, पावनखिंडीच्या आसपासच्या डोंगरांत, कासारी नदीचा उगम आहे. आषाढांत खिंडींतून उतरणारें पाणी तिला मिळतें. ती मसाई पठाराच्या पायथ्यानें, पन्हाळ्याच्या सावलींतून वाहत येते आणि प्रयागापाशीं इतर नद्यांना मिळून पंचगंगा होते. ज्या वाटेनें महाराज गेले, त्याच वाटेनें, उलट दिशेनें, तें पाणी दररोज कोल्हापुरास येतें. पावसाळ्यांत डोंगर ढगांत दिसेनासा झाला आणि घाटावरचें पाणी गढूळ होऊन चढूं लागलें, म्हणजे शहरांतील माणसानें समजावें, कीं हें पाणी खिंडींतून आलें आहे.